एल निनोवर खापर फोडण्याआधी: सातारा-सांगलीच्या पावसाच्या वह्यांवरचं काम

१२ जानेवारी २०२५

काम काय ते आधी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या मुसळधार दिवसांची यादी करायची, जितकं मागं जाता येईल तितकं जायचं, आणि ती यादी प्रशांत महासागरातल्या एल निनो-ला निनाच्या आणि हिंद महासागरातल्या द्विध्रुवाच्या, म्हणजे ज्याला सगळे आयओडी म्हणतात त्याच्या आकड्यांशी ताडून बघायची. प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की एल निनो, थंडावलं की ला निना. आयओडी म्हणजे हिंद महासागराच्या पश्चिम आणि पूर्व बाजूच्या पाण्याच्या तापमानातला फरक; पश्चिम बाजू जास्त तापली की तो धन. तासगाव भागातल्या आमच्या द्राक्षवाल्यांच्या गटात दर एप्रिलला हवामान खात्याचा पहिला अंदाज आला, की दोन तट पडतात. एक म्हणतो एल निनो आहे, टँकर लावा. दुसरा म्हणतो ला निना आहे, महापूर येणार. ह्यातलं आपल्या शिवाराला किती लागू पडतं हे कुणी मोजलेलं नाही. वह्या आणि आकडे माझ्याकडे, प्रोग्रामचं काम साताऱ्याच्या मावसभावाकडे.

हवामान खात्याचे पावसाचे चौकटीवार, म्हणजे देशाच्या नकाशावर चौकटी आखून काढलेले, रोजचे आकडे पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. १९०१ पासूनचे, पाव अंशाची चौकट, म्हणजे साधारण २७ किलोमीटर बाजूची. पायथॉनमध्ये आयएमडीलिब नावाचं साधन आहे, त्यानं उतरवणं सोपं जातं. स्वतःच फाइल उघडणाऱ्यांसाठी: रेखांशाच्या बाजूनं १३५ आणि अक्षांशाच्या बाजूनं १२९ बिंदू, सुरुवात ६६.५ पूर्व आणि ६.५ उत्तरपासून. आम्ही अक्षांश वरून खाली धरला होता, त्यामुळे महाबळेश्वरच्या जागी भलताच कोरडा मुलूख आला. उणे ९९९ म्हणजे आकडा नाही. ते आधी काढून टाका, नाहीतर सरासरी पाताळात जाते.

१९ जानेवारी

चौकटीच्या आकड्यांवर मुसळधार दिवस मोजायचा बेत आज रद्द केला.

कारण तपासणीच्या पहिल्याच दिवसात कळलं. २३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सातारा जिल्ह्यात हा आकडा पोराबाळांनाही पाठ आहे. चौकटीत बघितलं तर त्या तारखेचा आकडा ह्याच्या आसपासही नाही. नकाशावर चौकट आखून बघितली तेव्हा उलगडा झाला: महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकटीत बसतात. अंतर वीसेक किलोमीटर, पण पाचगणीचा वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश. दोन्ही एकाच पातेल्यात घालून ढवळल्यावर ५९४ कुठून दिसणार?

दुसरी अडचण जास्त वाईट. ही चौकट देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापकांवरून केलेली आहे, पण ते सगळे सगळ्या वर्षी चालू नव्हते. मधेच एखादं केंद्र सुरू झालं किंवा बंद पडलं, की चौकटीतला कमाल आकडा उडी मारतो आणि आपल्याला वाटतं हवामान बदललं. सरासरीसाठी आणि मोठ्या प्रदेशासाठी चौकट उत्तम. घाटातल्या एका टोकाच्या दिवसासाठी नाही. म्हणून आता पाऊस मोजणाऱ्या केंद्रांच्या रोजच्या नोंदींच्या वह्याच शोधायच्या.

२ फेब्रुवारी

वह्या गोळा करणं सुरू. कारखाना, शाळा, जुनं फार्म, एका गावच्या निवृत्त मोजणीदारांच्या घरची पेटी. चौकशी करत गेलं की मिळतात. झेरॉक्स, एसटी आणि चहापाणी मिळून खर्च अजून तीन हजारांच्या आत आहे. वेळेचा हिशेब विचारू नका.

हस्ताक्षरातल्या वहीत १ आणि ९ हा कायमचा झगडा. "११.४" की "१९.४" हे ठरवायला एक युक्ती सापडली: बहुतेक वह्यांत रोजच्या पावसाशेजारी हंगामाची चालू बेरीज लिहिलेली असते. आजची बेरीज वजा कालची बेरीज, म्हणजे आजचा पाऊस. दोन्ही जुळलं तर आकडा पक्का. वर्तमानपत्रांत रोज येणारे कोयना, नवजा, महाबळेश्वरचे आकडेही असेच एकूण बेरजेसकट येतात, तिथंही हेच करा.

जुन्या पानांवर इंच आणि सेंट. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. ३.२० म्हणजे ३ इंच २० सेंट, ८१ मिलिमीटर. ते ३.२ मिलिमीटर म्हणून भरलं, तर मुसळधार दिवस नुसत्या शिडकाव्याचा होतो. पान कुठल्या एककात आहे हे वहीवर प्रत्येक वेळी लिहिलेलं नसतं. जुलैची बेरीज बघून ओळखावं लागतं. एका वहीत तर एकाच वर्षात जूनपर्यंत इंच आणि पुढं मिलिमीटर.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस एका ग्लासवर गेला.

सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या वहीत, ठरावीक वर्षापासून पुढं पाऊस एकदम वाढलेला. शेजारच्या तीन केंद्रांची चालू बेरीज आडव्या रेषेवर आणि ह्या केंद्राची उभ्या रेषेवर मांडली. सरळ जाणारी रेघ एका जागी मोडते आणि दुप्पट चढ घेते. हवामान असं रातोरात, एकाच कंपाउंडच्या आत बदलत नाही. तिथं जाऊन पर्जन्यमापक बघितला. फायबरचा, वरच्या तोंडाचा व्यास १६ सेंटिमीटर. म्हणजे २०० चौरस सेंटिमीटरचा. शेजारी ठेवलेला मोजायचा ग्लास मात्र १०० चौरस सेंटिमीटरवाल्या मापकाचा. त्या मापकाचं तोंड ११.३ सेंटिमीटर असतं. जुना ग्लास फुटला, नवा आणला, तो दुसऱ्या मापाचा आला, आणि तेव्हापासून १० मिलिमीटरच्या पावसाला २० लिहिलं जातंय.

ह्याची परीक्षा कुणालाही घरी करता येते: २०० मिलिलिटर पाणी मोजून ग्लासात ओता. २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकाचा ग्लास असेल तर १० मिलिमीटर दाखवायला हवा. २० दाखवला तर ग्लास चुकीचा. जुने लोखंडी सायमन मापक ५ इंच तोंडाचे, १२.७ सेंटिमीटरचे, त्यांचा ग्लास तिसराच.

त्या वर्षापासून पुढचे आकडे निम्मे केले. शेजारच्या केंद्रांशी रेघ सरळ झाली. हे शोधलं नसतं, तर "सांगली जिल्ह्यात अतिवृष्टीत दुप्पट वाढ" असा मथळा आमच्या हातून सहज गेला असता.

२३ फेब्रुवारी

रविवारचं प्रकरण.

आठवड्याच्या वारांप्रमाणे जुलैचा पाऊस मांडला. एका वहीत रविवार जवळजवळ कोरडा आणि सोमवार सगळ्यात ओला. पाऊस वार बघून पडत नाही. निवृत्त मोजणीदार तात्यांना विचारलं, तर ते हसले. "आवो, रविवारी कोन येतंय कुलूप काढायला? सोमवारी सकाळी दोन्ही दिसाचं एकदम मोजायचं."

म्हणजे सोमवारचा १४० हा दोन दिवसांचा १४०. त्या वहीतून "वर्षातला सगळ्यात मोठा एक दिवसाचा पाऊस" काढला, की निम्म्या वेळा सोमवार येतो. दुरुस्ती अशी केली: कोरडा रविवार अधिक अवाढव्य सोमवार अशी जोडी असली, की दोन्ही एक दिवसाच्या यादीतून बाद. पण पाच दिवसांच्या बेरजेत दोन्ही ठेवले, कारण बेरजेला वाटणी कळत नाही. गणपती आणि पंधरा ऑगस्टच्या सुट्ट्यांनाही हेच लागू केलं.

तारखेचाही एक गोंधळ इथंच लिहून ठेवतो. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितात, पण तो पडलेला असतो बहुतांशी आदल्या दिवशी. महाबळेश्वरचा तो ५९४ लोकांच्या आठवणीत गुरुवारचा, २२ जुलैचा. नोंदीत शुक्रवार, २३ जुलै. काही वह्यांत मात्र आदल्या दिवसाची तारीख टाकायची पद्धत. नदीच्या पातळीशी ताडताना ह्या एका दिवसानं फार घोळ घातला. पूर पावसाच्या आधी येतोय असं एका केंद्रावर दिसत होतं.

आणि संगणकातली तारीख. ७/८/२०१९ हे सात ऑगस्ट आहे की आठ जुलै, हे कोष्टक स्वतःच्या मनानं ठरवतं. वर्ष, महिना, दिवस तीन वेगळ्या रकान्यांत भरा, कटकट संपते.

९ मार्च

मुसळधार कशाला म्हणायचं ह्यावर मावसभावाशी भांडण.

हवामान खात्याच्या व्याख्या सरळ आहेत: ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. पंचनाम्यासाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी. तो म्हणाला, हेच घेऊ, लोकांना कळतं. पण महाबळेश्वरला जुलैत ६५ मिलिमीटरचा दिवस म्हणजे उघडीप. म्हसवडला, जतला, आटपाडीला तेवढा पडला तर ओढे-नाले एक होतात. एकच पट्टी लावली, तर यादीतले सगळे दिवस घाटातले निघतात आणि पूर्वेचा दुष्काळी पट्टा यादीतूनच गायब होतो.

शेवटी प्रत्येक केंद्राची स्वतःची पट्टी लावली. त्या केंद्रावरचे पावसाचे दिवस क्रमानं मांडायचे आणि वरचे पाच टक्के घ्यायचे. पावसाचा दिवस म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा जास्त. शिवाय दोन साधे आकडे: वर्षातला सर्वांत मोठा एक दिवस, आणि सर्वांत मोठी सलग पाच दिवसांची बेरीज.

ह्याच भांडणात दुसरी गोष्ट निघाली. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा २००६ मधला गाजलेला अभ्यास, १९५१ ते २००० मध्ये मध्य भारतात जोरदार पावसाच्या घटना वाढल्याचं सांगणारा, आपल्याकडे सर्रास महाबळेश्वर-कोयनेला चिकटवतात. त्यांचा प्रदेश ७४.५ पूर्वेपासून सुरू होतो. सातारा शहर, कऱ्हाड, कोयना, महाबळेश्वर सगळं त्याच्या पश्चिमेला, बाहेर. सांगली शहर काठावरून आत. आणि त्यांची मर्यादा दिवसाला १०० मिलिमीटर, जी घाटात नवलाची नाही. अभ्यास पक्का आहे, पण तो घाटाचा नाही.

२३ मार्च

कल काढला. चढ किंवा उतार खरा की योगायोग हे सांगणारी मान-केंडल चाचणी आणि तो वर्षाला किती हे सांगणारा सेनचा उतार, दोन्ही तयार मिळतात.

१९७२ पासून सुरू केलं तर आमच्या बहुतेक वह्यांत चढ. मावसभाऊ खूश. मग सुरुवातीचं वर्ष एकेक करून मागंपुढं सरकवलं, तर घाटातल्या केंद्रांवर एक दिवसाच्या कमाल पावसाचा चढ कधी दिसतो, कधी सपाट होतो. कारण उघड आहे: ७२ च्या दुष्काळापासून मोजायला बसलं, की पुढचं सगळंच ओलं दिसणार. आता कुठलाही कल मांडताना वेगवेगळ्या सुरुवातींचे निकाल शेजारी शेजारी मांडतो; एकाच सुरुवातीला दिसणारा चढ मोजत नाही.

गटातल्या एकानं विचारलं, मग हवामान बदललं नाही म्हणता का? तसं नाही. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, अरबी समुद्र तापतोय, ह्यात वाद नाही. पण एका केंद्रावरच्या एका टोकाच्या दिवसात दर वर्षीचा चढउतार इतका मोठा असतो, की पन्नास वर्षांच्या वहीत तो कल बुडून जातो. मोठा प्रदेश घेतला तर दिसतो. आमच्या पाच-सहा वह्यांचा जीव तेवढा नाही.

६ एप्रिल

एल निनोचे आकडे जोडले. पहिला निकाल पूर्ण चुकीचा.

प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा किती अंश गरम-थंड, ह्याच्या तिमाही सरासरीच्या फाइलमध्ये प्रत्येक वर्षाचा पहिला रकाना डिसेंबर ते फेब्रुवारीचा असतो. आम्ही तोच घेतला. म्हणजे त्या वर्षीच्या पावसाला आधीच्या हिवाळ्यातला एल निनो लावला. १९९७-९८ चा प्रचंड एल निनो अशानं १९९८ च्या पावसाला जाऊन चिकटला. पावसासाठी जून-जुलै-ऑगस्टचा रकाना घ्या. फाइलच्या शेवटी, अजून न आलेल्या महिन्यांच्या जागी उणे ९९ सारखी खुणेची संख्या असते, तीही काढा.

दुरुस्तीनंतर सांगलीच्या तीन महापुरांची वर्षं बघितली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर, २०२१ मध्ये ५४ च्या वर. आणि तिन्ही वर्षी जून-ऑगस्टमधला प्रशांत महासागराचा आकडा अधिक-उणे ०.५ अंशाच्या आत. म्हणजे तटस्थ. एल निनो नाही, ला निनाही नाही. २०२१ ला सगळे ला निनाचं वर्ष म्हणतात ते त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिवाळ्यांमुळे.

तीन वर्षांवरून नियम होत नाही, हे मान्य. पण "ला निना आहे म्हणजे महापूर" ह्याला आमच्या गावात एकही साक्षीदार उरला नाही, एवढं नक्की.

२० एप्रिल

आयओडी. इथं मोह जास्त, कारण २०१९ चा धन आयओडी गेल्या काही दशकांतला सगळ्यात जोरदार होता आणि २०१९ चा महापूरही सगळ्यात मोठा. दोन ठिपके शेजारी, रेघ ओढायचीच बाकी.

महिनावार मांडलं. महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, आश्लेषाच्या पावसात. आयओडी शिगेला पोचला ऑक्टोबर-नोव्हेंबरात. वर्षाची सरासरी घेतली, की नंतर घडलेल्या गोष्टीनं आधी घडलेली गोष्ट समजावल्यासारखं होतं. त्या वर्षी जूनमध्ये देशभर ३३ टक्के तूट होती, ऑगस्टमध्ये सरासरीच्या ११५ टक्के, सप्टेंबरात १५२ टक्के. हंगामाचा एकच आकडा, ११० टक्के, ह्यातलं काहीच सांगत नाही. पुराच्या आठवड्यात बंगालच्या उपसागरातून आलेलं अति तीव्र न्यूनदाब क्षेत्र ओडिशावर होतं आणि पश्चिमेचे वारे घाटावर आदळत होते. असं काही आठवड्याभरात जुळतं. त्याला हंगामी आकड्यातून पकडायला गेलं तर हाती लागत नाही.

त्या आयओडीचा खरा फटका आमच्या गटाला बसला तो नंतर. ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात क्यार आणि लगेच महा अशी दोन चक्रीवादळं झाली, आणि छाटणी झालेल्या बागा फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला. घड कुजले, जिरले. तो पाऊस आमच्या यादीत नव्हताच, कारण यादी ३० सप्टेंबरला संपत होती.

४ मे

यादी आता ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वाढवली आणि पूर्वेकडचं चित्रच पालटलं. माण, जत, आटपाडीकडचे मोठे दिवस जुलैत नाहीतच. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, बंगालच्या उपसागरातून आत येणाऱ्या पट्ट्यांसोबत येतात. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आलेलं क्षेत्र सोलापूर-पंढरपूरकडून इकडं सरकलं, ते आमच्या पूर्वेच्या वह्यांत ठळक दिसतं.

सगळ्यात बोलकं वर्ष २००९. एल निनो, देशभर सरासरीच्या ७८ टक्के पाऊस, दुष्काळ. आणि त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता जतच्या पलीकडे विजापूर-बागलकोटात ढगफुटीसारखा पाऊस आणि खाली कर्नूल शहर पाण्यात. म्हणजे एल निनोच्या वर्षी हंगाम कोरडा जाऊ शकतो आणि तरी त्याच हंगामाच्या शेपटीला आयुष्यातला मोठा दिवस येऊ शकतो. उलट १९९७ मध्ये एल निनो प्रचंड, आयओडी धन, आणि देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के.

वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. केंद्रं, महिने, निर्देशांक, मोजमापं, सगळ्यांच्या जोड्या लावल्या तर शेकडो होतात. नेहमीच्या कसोटीवर वीसपैकी एक जोडी नुसत्या योगायोगानं "सिद्ध" होते. आमच्याकडे पुष्यातला पाऊस आणि मार्चमधला आयओडी ह्यांचं झकास नातं निघालं होतं. वही दोन भागांत तोडून बघितली, तर दुसऱ्या भागात चिन्हच उलटं. आता आधी प्रश्न कागदावर लिहितो, मगच जोडी लावतो.

टिकलेलं एवढंच: पूर्वेच्या केंद्रांवर हंगामाची एकूण बेरीज एल निनोच्या वर्षी खाली झुकते. घाटातल्या मोठ्या दिवसाचं कुठल्याच निर्देशांकाशी भरवशाचं नातं नाही. पूर येतो की नाही ह्याच्याशी एक दिवसाच्या आकड्यापेक्षा पाच दिवसांची बेरीज जास्त जुळते, पण त्यात धरणांचा विसर्ग मिसळलेला असल्यानं पातळीला पाऊस समजू नये.

२७ मे

मान्सून २४ तारखेला केरळात आणि काल मुंबईत. फलटण-माणकडे मे महिन्यातच ओढे धावले. आमची यादी १ जूनला सुरू होते. चालू बेरजेची तपासणीही कोलमडली, कारण कोयना धरणाचं तांत्रिक वर्षच १ जूनला सुरू होतं आणि बेरीज शून्यावर येते. बऱ्याच वह्याही तसंच करतात. मेचं पान कुणी झेरॉक्सच केलेलं नाही. आता यादी जानेवारी ते डिसेंबर. त्यासाठी सगळ्या वह्यांकडे परत जाणं आलं.

८ जून

मेची पानं निम्म्या ठिकाणी मिळाली. बाकी ठिकाणी मे कोरा, आणि कोरं म्हणजे पाऊस नव्हता की मोजलाच नाही, हे सांगायला कुणी नाही. कोऱ्याला शून्य भरलेलं नाही.

शिराळ्याकडची एक लांब वही कळली आहे, पेठेतल्या एका घरात आहे म्हणतात. ती आली तर घाट आणि सांगली ह्यांच्या मधली जागा भरेल. माण, खटाव, कवठेमहांकाळकडचं कुणाकडे काही असेल तर जरूर कळवा. पण वहीच्या फोटोआधी मापकाच्या तोंडावर पट्टी आडवी धरून व्यासाचा फोटो काढा, ग्लासवरचे आकडे दिसतील असा दुसरा, आणि रविवारी कोण मोजत होतं ते विचारून घ्या.